गुन्हा, शिक्षा आणि वसाहत



आज तुमच्याशी बोलायचे आहे ते गुन्हा आणि शिक्षा या विषयावर. कोणी म्हणेल, हे तर वकिलांचे काम. आपल्याला काय त्याचे? पण वाटूरसारख्या गावात, जालना-मंठा रस्त्यावरच्या फाट्यावर एसटी येईपर्यंत जेवढा वेळ जातो, तेवढ्यात या विषयावरचे चार निकाल कानांवर पडतात. विहिरीवरची मोटार गेली, केबल कापून नेली, बांध कोरला, कडब्याची गंजी पेटली, की चहाच्या टपरीवर कोर्ट भरते. एक म्हणतो, "हातपाय मोडा त्याचे." दुसरा म्हणतो, "पोलिसांत द्या." आणि कोपऱ्यातला एखादा म्हातारा म्हणतो, "अरे, आधी त्याच्या बापाला बोलवा." हे तीन निकाल म्हणजे तीन निरनिराळ्या न्यायपद्धतीच आहेत बघा. आणि प्रत्येक पद्धतीची किंमत कोणीतरी मोजत असते. ती कोण मोजतो, एवढेच आज आपण पाहू.

सुरुवात मी एका खेळापासून करतो. अमेरिकेतल्या टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या दोघा भावांनी संगणकावरचा एक खेळ तयार केला आहे. नाव 'ड्वार्फ फोर्ट्रेस'. आपण त्याला बुटक्यांचा किल्ला म्हणू. २००६ साली तो पहिल्यांदा लोकांपुढे आला. पुष्कळ वर्षे त्यात धड चित्रेसुद्धा नव्हती. पडद्यावरची अक्षरे आणि खुणा बघूनच हा डोंगर, हे पाणी, हा माणूस असे ओळखावे लागे. पुढे २०२२ च्या डिसेंबरात तो चित्रांसह विकायला आला. खेळ असा : सात बुटके एक गाडी घेऊन रानात येतात. डोंगर पोखरून घरे करतात, शेती करतात, भट्टी पेटवतात. त्यांचे नाव ऐकून आणखी बिऱ्हाडे येतात आणि वसाहत वाढते. तुम्ही कोणा एका बुटक्याचे सोंग घ्यायचे नसते, सगळ्या वसाहतीचा कारभार तुमच्या हाती असतो. मुलांचा खेळ म्हणून हसू नका. शे-दीडशे जीवांना दोन वेळ खायला घालणे हे त्या खेळात आपल्या गावाइतकेच अवघड आहे.

आता वसाहत म्हटली की भांडण आले, चोरी आली, क्वचित खूनही आला. म्हणून तेथे एक शेरीफ नेमावा लागतो. त्याला आपण फौजदार म्हणू. त्याला बसायला जागा द्यावी लागते, आणि तुरुंगासाठी साखळ्या किंवा पिंजरे करून ठेवावे लागतात. गुन्हा घडला, की ज्याने पाहिला तो येऊन सांगतो. मग संशयिताला बोलावून विचारपूस होते. दोषी कोण, हे शेवटी तुम्ही ठरवता. शिक्षा तीन प्रकारच्या : कैद, मार आणि हातोड्याचे घाव. हातोड्याची शिक्षा देणारा एक वेगळा अधिकारीच असतो. त्याचा हातोडा धातूचा असला तर बुटका बहुधा जगत नाही. म्हणून मुरलेले खेळाडू त्याच्या हाती मुद्दाम लाकडी हातोडा देतात. शिक्षा तर चुकवता येत नाही, मग निदान हत्यार तरी हलके असू द्या, असा त्यातला विचार! आपल्याकडेही कागदावर कडक आणि हाताने हलका असा एखादा साहेब सर्वांनी पाहिलेला असतो.

या खेळातल्या दोन-तीन गोष्टी मला फार बोलक्या वाटतात. पहिली अशी, की तुरुंग बांधायला तुम्ही विसरलात तर कैदेच्या जागी मार मिळतो. म्हणजे गुन्हा तोच, गुन्हेगार तोच. पण वसाहतीने आपली व्यवस्था लावली नाही म्हणून एकाची हाडे मोडतात. दुसरी गोष्ट मानकऱ्यांची. वसाहत मोठी झाली, की तीत मानकरी येतात आणि त्यांच्या लहरी सुरू होतात. अमुक धातूच्या अमुक वस्तू इतक्या दिवसांत झाल्या पाहिजेत. अमुक माल गावाबाहेर विकता कामा नये. तो धातू त्या डोंगरात नसेना का! मुदत टळली, की तो गुन्हा. आणि शिक्षा कोणाला? हुकूम देणाऱ्याला तर नाहीच नाही. ती होते एखाद्या कारागिराला. नाहीतर बंदी असलेला माल ज्याने बाजारापर्यंत वाहून नेला, त्या हमालाला. खून आणि मानकऱ्याचा हट्ट, दोन्ही एकाच वहीत लिहिले जातात.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. नव्या बिऱ्हाडांबरोबर कधी कधी एखादा रक्तपिपासू वसाहतीत शिरतो. दिसायला चारचौघांसारखाच. एके दिवशी कोणीतरी मरून पडलेला सापडतो, अंगात रक्ताचा थेंब नाही. कोणी केले? अशा वेळी समोर येणारी साक्ष खरीच असते असे नाही. आणि खेळ तुम्हांला अडवत नाही. तुम्ही कोणाच्याही नावावर बोट ठेवा, तो दोषी ठरतो. खुनाची नोंद निकालात निघते, वही स्वच्छ होते. खरा गुन्हेगार मात्र तसाच हिंडत राहतो आणि काही दिवसांनी दुसरे प्रेत सापडते.

शिक्षा झाली म्हणून हिशेब मिटतो, असेही नाही. लोहार साखळीला बांधला, की भट्टी थंड पडते. वर त्याला पाणी आणि जेवण नेऊन द्यायला दुसरे हात लागतात. एखाद्याचे मन फार दुखावले, तर तो रागाच्या भरात सामान फोडतो, कोणाला तरी मारतो. मार खाल्लेल्याचे सोबती दुखावतात, तेही उठतात. या भोवऱ्यात चांगल्या भरल्या वसाहती बुडालेल्या आहेत. बांधाच्या भांडणात तीन पिढ्या कोर्टात घालवलेले घर ज्याने पाहिले आहे, त्याला हे निराळे समजावून सांगायला नको.

हा झाला खेळ. पण आपल्या मातीत गुन्ह्याची व्यवस्था कशी होती? पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ साली नव्या मुलखाविषयी एक मोठा अहवाल लिहिला. त्यात माग काढण्याच्या वहिवाटीचे वर्णन आहे. गावात चोरी झाली, की महार, रामोशी किंवा भिल्ल जो कोणी गावचा रखवालदार असेल, तो चोराच्या पावलांचा माग धरायचा. पावलाचे माप घ्यायचे आणि मागावर चालत आपल्या शिवेपर्यंत जायचे. शिवेवर पलीकडच्या गावच्या रखवालदाराला बोलावून माग त्याच्या हवाली करायचा. त्याने तो आपल्या शिवारातून पुढे काढून द्यायचा. असे करता करता ज्या गावात माग संपला, त्या गावावर जबाबदारी. चोर तरी द्या, नाहीतर गेलेल्या मालाची भरपाई करा.

किती साधी आणि किती हुशार तजवीज, बघा! हिच्यात पहिला प्रश्न चोराच्या पाठीचा नाही, गेलेल्या बैलाचा आहे. ज्याची चोरी झाली त्याला काहीतरी परत मिळावे, हा तिचा रोख. शिवाय शेजारच्या गावाला आपल्याकडे चोर लपू देणे परवडत नसे. पण हिची दुसरी बाजू कोणी फारशी सांगत नाही. रात्रभर जागायचे कोणी? गावकुसाबाहेर राहणाऱ्याने. माग हरवला, तर पहिला जाब कोणाला? त्यालाच. ज्याच्या घरात उद्याची भाकर नाही, त्याने सावकाराच्या तिजोरीची भरपाई कोठून करायची? गावाने सुरक्षितपणा घेतला आणि त्याचा भार सर्वांत खालच्या खांद्यावर ठेवला. बुटक्यांच्या किल्ल्यातला तो हमाल आठवा.

वतनाचे, जमिनीचे, मानपानाचे तंटे गोतसभेपुढे येत. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, आसपासच्या गावचे जाणते एकत्र बसत आणि निर्णयाचा महजर लिहिला जाई. त्यावर कुलकर्ण्याच्या लेखणीखाली पाटलाची नांगराची निशाणी, सुताराची, न्हाव्याची, ज्याच्या त्याच्या हत्याराची निशाणी. अक्षर येत नसले तरी साक्ष नोंदवता येत होती, ही गोष्ट गुरुजींनी मुलांना जरूर सांगावी. जिंकणाऱ्याने सरकारात हरकी भरायची, हरणाऱ्याने गुन्हेगारी भरायची. आणि पुरावा दोन्हीकडे सारखाच पडला तर? तर दिव्य. उकळत्या तेलातून हाताने धातूचा रवा काढायचा, हात बांधून त्यावर मोहर करायची, आणि काही दिवसांनी सोडून पाहायचा. भाजलेला दिसला तर खोटा. ज्यांना गोतसभेचा फार अभिमान वाटतो, त्यांनी हा हातही डोळ्यांपुढे ठेवावा. पुरावा नसताना निकाल मात्र हवाच, अशी घाई झाली, की माणूस एकतर देवावर टाकतो नाहीतर नावावर बोट ठेवतो.

इंग्रजी अमदानीत तर याहून भयंकर प्रकार झाला. १८७१ साली एक कायदा झाला, त्याने जातीच्या जाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. पुढे तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला आणि सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहती उभ्या राहिल्या. 'सेटलमेंट' हे त्या वस्तीचे नाव सोलापूरकरांच्या तोंडी अजूनही आहे. आतल्या माणसांनी हजेरी द्यायची आणि बाहेर जायचे तर परवाना घ्यायचा. गुन्हा कोणता? अमक्याच्या पोटी जन्मलो, एवढाच. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि ही माणसे विमुक्त म्हणवली जाऊ लागली. कायदा गेला, पण गावात चोरी झाली, की पहिली नजर अजून कोणत्या पालाकडे वळते, ते ज्याचे त्याला ठाऊक.

आता वसाहतीचीच, पण अगदी उलटी गोष्ट. सांगली जिल्ह्यातले आटपाडी पूर्वी औंध संस्थानात होते. संस्थान केवढे? गावे उणीपुरी बहात्तर. राजे भवानराव पंतप्रतिनिधी, ज्यांचे नाव सूर्यनमस्कारांमुळे घरोघर माहीत होते, त्यांनी १९३९ साली आपले अधिकार सोडून प्रजेच्या हाती कारभार दिला. त्या घटनेच्या कामात गांधीजींनी स्वतः लक्ष घातले होते. त्याच सुमारास तेथे मॉरिस फ्रीडमन नावाचे एक गृहस्थ येऊन मिसळले होते. हे मूळचे पोलंडचे, धंद्याने इंजिनिअर, बंगळूरला विजेच्या सामानाच्या सरकारी कारखान्यात काम केलेले, आणि मनाने साधू. त्यांनी राजेसाहेबांपुढे कल्पना मांडली : कैद्यांना भिंतीआड का ठेवायचे? त्यांना जमीन द्या, घर द्या, आणि मोकळे राहू द्या.

दुसरा एखादा राजा हसला असता. भवानरावांनी आटपाडीजवळच्या माळावर १९३९ सालीच ही वसाहत वसवली. नाव ठेवले स्वतंत्रपूर. कैद्यांच्या वसाहतीचे नाव स्वतंत्रपूर! भिंत नाही, बेडी नाही. कैद्याने आपली बायकामुले आणून राहायचे, शेत कसायचे, पीक काढायचे. पळून जायचे म्हटले तर चारही दिशा मोकळ्या. अडवणारे काय? तर दिलेला शब्द, डोळ्यांसमोरचे पीक आणि घरातली पोरे.

येथे जरा थांबून विचार करू, कारण हे नुसते दयेचे काम नव्हते. त्यात हिशेबही होता. तुरुंगात माणूस कोंडला, की त्याची शिक्षा घरी भोगली जाते. शेत पडीक पडते, बायको मजुरीला जाते, पोराची शाळा सुटते; आणि इकडे त्याला सांभाळायला पहारेकरी, कोठडी, भाकरी, सगळे सरकारातून. स्वतंत्रपुरात शिक्षा चालू राहते, पण माणसाचे काम थांबत नाही आणि घर मोडत नाही. मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे : ज्याचा खून झाला, ज्याचे घर लुटले गेले, त्याच्या घरच्यांना अशा वसाहतीतून काय मिळते? याचे उत्तर स्वतंत्रपुरातही सापडत नाही. मोकळ्या शेतात काम करणारा कैदी बघून मेलेल्याच्या आईला काय वाटेल, हा प्रश्न विचारणाऱ्याला निर्दय म्हणून गप्प करू नये. तो प्रश्न रास्त आहे.

ही हकीकत पुढे पडद्यावर आली. व्ही. शांताराम यांचा १९५७ सालचा 'दो आँखें बारह हाथ' तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. खुनाच्या शिक्षेतले सहा कैदी आणि त्यांना मोकळ्या माळावर नेणारा जेलर, हे त्याचे कथानक. ते लिहिले ग. दि. माडगूळकरांनी, ते त्याच माणदेशातले, त्यांना स्वतंत्रपूर काही पुस्तकातून शोधावे लागले नाही. चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, बर्लिनच्या महोत्सवातही गौरव झाला. चित्रपटातल्या जेलरने आपला जीव गमावला. खऱ्या वसाहतीचे यश त्यापेक्षा साधे आणि लांब पल्ल्याचे आहे. संस्थान १९४८ साली विलीन झाले, राजेसाहेब गेले, पण वसाहत मोडली नाही. ती राज्याच्या कारागृह खात्याकडे आली. आणि खुल्या कारागृहाची कल्पनाही पुढे चालली. आपल्या मराठवाड्यातच पैठणला खुले कारागृह आहे. तेथले कैदी शेती करतात.

मग वाटूरच्या टपरीवरच्या त्या तीन निकालांचे काय? पहिला, हातपाय मोडण्याचा, हा निकालच नव्हे. तो नवा गुन्हा आहे, आणि मारणारे सगळेच त्यात आरोपी होतात. जमावाने घाईत मारलेला माणूस पुढे निर्दोष निघाला, तर तो निकाल फिरवायला वरचे कोर्ट नसते.

दुसरा, पोलिसांचा. गावात पोलीस पाटील आहे. निजामाच्या राज्यात आपल्याकडे पोलीस पाटील आणि माली पाटील असे दोन वेगळे असत, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. आताचा पोलीस पाटील १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने नेमलेला असतो. गुन्ह्याची खबर देणे हे त्याचे काम. निकाल देणे हे नव्हे. कायद्यातही एक नवी गोष्ट आली आहे. १ जुलै २०२४ पासून १८६० च्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात पहिल्यांदाच सामुदायिक सेवा ही शिक्षा धरली आहे. पाच हजार रुपयांच्या आतली चोरी असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरलेला असेल, आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर त्याला तुरुंगाऐवजी लोकोपयोगी काम करायला लावायचे. त्या कामाचा मोबदला मिळत नाही. माल परत करण्याची ती अट वाचली, की शिवेवर उभा राहून माग हवाली करणारा जागल्या आठवतो. पण लक्षात ठेवा, हे काम न्यायालय सांगते. सरपंच सांगत नाही, भावकी सांगत नाही. आणि मुलगा अठरा वर्षांच्या आतला असेल, तर त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जाते. त्याला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. हे पुष्कळ आईबापांना माहीत नसते, आणि भीतीपोटी ते भलत्याच माणसाच्या हाती पैसे देऊन बसतात.

तिसरा निकाल, बापाला बोलवा म्हणणाऱ्या म्हाताऱ्याचा. त्याला हसू नका. १५ ऑगस्ट २००७ रोजी राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, आर. आर. पाटील तेव्हा गृहमंत्री होते. बांधाचे, वाटेचे, पाण्याच्या पाळीचे तंटे गावातच समोरासमोर बसून मिटवावेत, हा तिचा हेतू. जेथे दोन्ही बाजू राजीखुशीने बसतात, तेथे हा रस्ता कोर्टाच्या हेलपाट्यांपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो. परंतु खून, बलात्कार, दलितांवरचा अत्याचार असली प्रकरणे कोणी गावात मिटवू म्हणाला, तर तो तंटामुक्ती करत नसून गुन्हा झाकत असतो. तसेच कोणाला वाळीत टाकणे, पाणी तोडणे, जातपंचायतीने दंड लावणे हेही. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा २०१७ पासून अमलात आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. गावाची एकी म्हणून जे चालते, त्यातले किती या कायद्यात बसते, ते एकदा ग्रामसभेत वाचून पाहावे.

गुरुजींना एक सुचवतो. एखाद्या शनिवारी वर्गातच वसाहत मांडा. संगणक नसला तरी काही अडत नाही, खडू पुरे. एकाला शेतकरी करा, एकाची मोटार चोरीला गेली असे धरा, एकाला पोलीस पाटील, दोघांना साक्षीदार, आणि त्यांतल्या एका साक्षीदाराला गुपचूप खोटे बोलायला सांगा. एकाला मानकरीही करा, मुलांना ते सोंग फार आवडते. निकाल मुलांनाच देऊ द्या, मध्ये बोलू नका. बहुधा पहिल्या पाच मिनिटांत ती कोणाला तरी साखळीला बांधतील. मग एकेक प्रश्न काढा : साक्ष देणारा उभा कोठे होता? बांधलेल्याच्या शेतात उद्या कोण जाणार? त्याला पाणी कोणी नेऊन द्यायचे? आणि ज्याची मोटार गेली तो शेतकरी फळ्याजवळ अजून उभाच असेल, त्यालाही विचारा, बाबा रे, तुझे रान भिजले का?